संबद्धता

एखादे तथ्य दुसऱ्या तथ्याशी अशा रीतीने निगडित असणे, की पहिल्याच्या आधारे दुसऱ्याविषयी अनुमान करता यावे, या संबंधास संबद्धता म्हणतात. व्यवहारात याच अर्थाने ‘प्रस्तुत’, ‘प्रासंगिक’ हे शब्द रूढ असून विषय सोडून केलेले बोलणे अप्रस्तुत किंवा गैरलागू ठरते. यजमानाच्या दारातील बोरीचे झाड व पाहुण्याच्या गाडीचे बोरीच्या लाकडाचे चाक एवढ्यावरून नाते जोडणारा ‘बादरायण संबंध’ हा असंबद्धतेचा प्रसिद्ध दाखला होय. मात्र व्यवहारात प्रस्तुत काय, हे ऐकणारा आपल्या अनुभवाने ठरवितो. न्यायालयात त्यास कायद्याचे बंधन असते. पक्षकाराची मालमत्ता, आरोपीचे स्वातंत्र्य व प्रसंगी त्याचे प्राणही या निर्णयावर अवलंबून असल्यामुळे हा भेद महत्त्वाचा ठरतो.

ब्रिटिश अमदानीत इलाख्यांच्या राजधान्यांतील न्यायालये इंग्लंडमधील पुराव्याचे नियम लावीत. मुफसल न्यायालयांत मात्र निश्चित नियमांचा अभाव होता. १८५५ च्या अधिनियमाने ही उणीव अंशतःच दूर झाली व १८६८ मध्ये मांडलेला मसुदाही येथील परिस्थितीस अनुरूप न वाटल्याने मागे पडला. त्यानंतर गव्हर्नर जनरलच्या मंडळाचे विधिसदस्य जेम्स फिट्सजेम्स स्टीफन यांनी तयार केलेला भारतीय पुरावा अधिनियम १ सप्टेंबर १८७२ रोजी अंमलात आला. इंग्रजी नियमांचा भर कोणता पुरावा वगळावा यावर होता. स्टीफन यांनी कोणती तथ्ये संबद्ध आहेत, हे कलम ५ ते ५५ मध्ये विधायक रीतीने नमूद केले. या कलमांत सांगितलेल्या कोणत्याही प्रकारे जोडलेले तथ्य तेवढेच कायद्याने संबद्ध होय. उदा., विषप्रयोगाच्या खटल्यात आरोपीने पूर्वी तसलेच विष मिळविले होते, हे संबद्ध. तसेच गुन्हा कलकत्त्यास घडला त्या दिवशी आरोपी लाहोरास होता, हेही संबद्ध.

स्टीफन यांनी संबद्धतेचे मूळ कार्यकारणभावात शोधले होते. या उपपत्तीची चिकित्सा मुंबई इलाख्यातील मुलकी अधिकारी जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ यांनी १८७५ मध्ये मुंबईस प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत केली. पुढे आपल्या ग्रंथात स्टीफन यांनी घटनांच्या सामान्य क्रमानुसार एका तथ्यामुळे दुसरे सिद्ध किंवा संभाव्य ठरणे, अशी व्याख्या स्वीकारली. अमेरिकन विधिज्ञ जेम्स ब्रॅडली थेअर यांनी १८९८ मध्ये संबद्धता हा तर्काचा विषय असून कायदा तिची कसोटी पुरवीत नाही, असे मत मांडले.

तर्काने संबद्ध असलेले सर्वच कायद्याने ग्राह्य नसते. चोरीच्या आरोपीचे पूर्वायुष्य वाईट होते, हे सामान्य माणसास अत्यंत प्रस्तुत वाटेल. परंतु आरोपीने स्वतःच्या सच्छीलतेचा पुरावा दिल्याशिवाय किंवा शील हाच वादविषय असल्याशिवाय कायदा ते सामान्यतः विचारात घेऊ देत नाही. तसे न केल्यास माणसास त्याच्या कृत्याऐवजी लौकिकाबद्दल शिक्षा होण्याचा धोका असतो. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. त्यामागेही सक्तीची भीती हेच कारण आहे. उलट, बेकायदेशीर झडतीत मिळालेला पुरावा संबद्ध असेल व कायद्याची स्पष्ट मनाई नसेल, तर केवळ त्या कारणाने तो वगळला जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पूरणमल खटल्यात (१९७३) ठरविले. सत्यशोधन व नागरिकाचे संरक्षण यांतील ताण येथे स्पष्ट होतो. सत्यशोधनार्थ न्यायाधीशास असंबद्ध तथ्याविषयीही प्रश्न विचारता येतो. निर्णय मात्र संबद्ध व रीतसर शाबीत झालेल्या तथ्यांवरच आधारावा लागतो.

१८७२ च्या अधिनियमाची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ याने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले व इलेक्ट्रॉनिक पुराव्याविषयीच्या तरतुदी विस्तारल्या, तरी संबद्धतेची मूळ योजना त्यात कायम ठेवण्यात आली आहे.