विदर्भाची स्वायत्तता : अभ्याससाधने

विदर्भाला प्रांत, उपप्रांत किंवा राज्य म्हणून स्वतःचा कारभार मिळावा, या मागणीचा अभ्यास ज्या करारांवर, अहवालांवर, कार्यवृत्तांवर व वृत्तपत्रांवर चालतो ती साधने. १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असल्याने जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सचिवालयाचे दप्तर राज्य पुराभिलेखागाराच्या नागपूर शाखेत पाहावे लागते.

अकोला करार (८ ऑगस्ट १९४७) आणि नागपूर करार (२८ सप्टेंबर १९५३) यांची नावे सर्रास एका दमात घेतली जातात. हा घोटाळा टाळायला हवा. अकोला करारात एका राज्यपालाखाली पश्चिम महाराष्ट्र व महाविदर्भ असे दोन उपप्रांत असून दोघांना वेगळे विधिमंडळ व मंत्रिमंडळ होते. स्वायत्ततेचा खरा मसुदा तोच. नागपूर करारात त्यातले काहीच उरले नाही. लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्या, खर्चाचे न्याय्य वाटप, उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ, ठराविक काळ सरकारचा नागपुरात मुक्काम आणि तिथेच वर्षाला किमान एक अधिवेशन अशा हमी त्यात आहेत. शिवाय तो नेत्यांमधला समझोता, कायदा नव्हे. सातव्या घटनादुरुस्तीने (१९५६) आलेल्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये विकास मंडळे व समन्यायी निधिवाटप आहे; हिवाळी अधिवेशनाचा त्यात शब्दही नाही. तेलंगणाच्या १९५६ च्या सभ्य गृहस्थांच्या कराराशी नागपूर कराराची तुलना उद्बोधक ठरते.

फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल (१९५५) हे सर्वाधिक उद्धृत साधन. आठ मराठी जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य करावे, अशी त्याची शिफारस होती. वेगळ्या राज्याचा पुरस्कर्ता तेवढेच पान उघडतो. त्याच वर्षीच्या ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’ या पुस्तिकेत डॉ. आंबेडकरांनी मराठी मुलखाचे चार भाग सुचवले; तिथे तर्क छोट्या राज्यांचा आहे, विदर्भाच्या वेगळ्या अस्मितेचा नाही.

प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीपासून (अहवाल १९८४) साधनांची भाषाच बदलते. प्रश्न सत्तेचा न राहता विकासाच्या अनुशेषाचा होतो : राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये, त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विकास मंडळांचे अहवाल, राज्यपालांचे निधिवाटपाचे निर्देश आणि केळकर समितीचा अहवाल (२०१३) हे याच वळणाचे. सिंचन व रस्त्यांसाठी ते अमूल्य आहेत, पण स्वराज्याच्या मागणीचा त्यांतून थांग लागत नाही. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

वृत्तपत्रे वाचताना संपादकाचा पक्ष आधी पाहावा. संयुक्त महाराष्ट्रवादी ग. त्र्यं. माडखोलकरांचा ‘तरुण भारत’ नागपुरातूनच निघे. त्यामुळे नागपूरचा आवाज म्हणजे वेगळ्या विदर्भाचा आवाज, हे गृहीत तिथेच कोसळते. दुसऱ्या बाजूसाठी १९६२ मध्ये नागपुरातून अपक्ष निवडून आलेल्या लोकनायक बापूजी अणे यांची संसदेतील भाषणे पाहावीत.