मेंढपाळाचे उत्तरदायित्व : ख्रिस्तसभेची शिकवण आणि कायदा

ख्रिस्तसभेत अधिकार सेवेसाठी दिलेला असतो. बिशप असोत, धर्मगुरू असोत, व्रतस्थ असोत किंवा धर्मग्रामातील एखाद्या संघटनेचे प्रापंचिक पदाधिकारी असोत, कोणीही आपल्या पदाचा मालक नसतो, तो कारभारी असतो. कारभाऱ्याला एक दिवस हिशेब द्यावा लागतो, हे प्रभू येशूने आपल्या दाखल्यांतून वारंवार सांगितले आहे. तरीही धर्मगुरूंना प्रश्न विचारणे म्हणजे श्रद्धेत उणे असणे, अशी समजूत अनेक भाविकांच्या मनात घर करून आहे. ही समजूत पवित्र शास्त्राला धरून आहे काय, ख्रिस्तसभेचा कायदा याविषयी काय सांगतो आणि त्यात धर्मग्रामस्थांचे स्थान कोणते, याची थोडक्यात माहिती येथे देत आहोत.

पवित्र शास्त्राचा आधार

यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातील ३४ व्या अध्यायात परमेश्वर इस्राएलच्या मेंढपाळांना जाब विचारतो. कळपाची काळजी सोडून त्यांनी स्वतःचेच पोषण केले, हा त्यांच्यावरील आरोप आहे.

नव्या करारातील उदाहरण अधिक व्यावहारिक आहे. जेरुसलेममधील गरीब बांधवांसाठी संत पौलाने मासेदोनिया व करिंथ येथील ख्रिस्ती मंडळ्यांकडून वर्गणी जमविली. तो प्रेषित होता आणि त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल त्याची स्वतःची खात्री होती. तथापि एवढी मोठी रक्कम त्याने एकट्याने हाताळली नाही. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ८ व्या अध्यायात तो सांगतो, की तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक बंधूही पाठविला आहे. दानाच्या बाबतीत कोणाला बोट ठेवण्यास जागा राहू नये आणि व्यवहार देवाप्रमाणेच माणसांच्या दृष्टीनेही चोख दिसावा, हा त्यामागील हेतू होता.

याच प्रेषिताने अंत्युखिया येथे संत पेत्राला सर्वांसमक्ष जाब विचारला. यहुदीतर ख्रिस्ती बांधवांबरोबर जेवणारा पेत्र काही लोकांच्या भीतीने मागे सरला होता. हा प्रसंग गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नमूद आहे. ख्रिस्तसभेने तो झाकून ठेवला नाही, आणि या दोघा प्रेषितांचा सण ती २९ जून रोजी एकत्रच साजरा करते.

कायदासंहितेतील तरतुदी

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८३ साली जारी केलेल्या कॅनन लॉमध्ये हेच तत्त्व नियमांच्या रूपाने आले आहे. धर्मग्रामस्थांना ठाऊक असावेत असे काही नियम पुढीलप्रमाणे :

- प्रत्येक धर्मप्रांतात (नियम ४९२) आणि प्रत्येक धर्मग्रामात (नियम ५३७) आर्थिक समिती असणे बंधनकारक आहे.
- भाविकांनी विशिष्ट कारणासाठी दिलेले दान त्याच कारणासाठी खर्च करावे लागते (नियम १२६७).
- मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्याने पद स्वीकारताना शपथ घ्यावी आणि मालमत्तेची यादी करावी (नियम १२८३). दक्ष कुटुंबप्रमुखाप्रमाणे त्याने ती सांभाळावी (नियम १२८४).
- धर्मगुरूंनी मिस्साचे हेतू, त्यांसाठी मिळालेले दान आणि अर्पण केलेल्या मिस्सा यांची नोंद वहीत ठेवावी. ती वही दरवर्षी तपासली जावी (नियम ९५८).
- भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब स्थानिक नियमांनुसार भाविकांनाही द्यावा (नियम १२८७).
- ख्रिस्तसभेच्या हिताविषयी आपले मत आदरपूर्वक मांडणे हा भाविकांचा हक्क आहे, आणि प्रसंगी ते त्यांचे कर्तव्यही ठरते (नियम २१२).

बिशपही यातून सुटलेले नाहीत. पाच वर्षांच्या आत त्यांनी आपला सर्व धर्मप्रांत भेटीने पाहावा (नियम ३९६) आणि दर पाच वर्षांनी त्याचा अहवाल पोपना सादर करावा (नियम ३९९) अशी अपेक्षा आहे.

जेथे जाब विचारला गेला नाही

नियम असूनही ते पाळले गेले नाहीत तर काय घडते, याचे वेदनादायक उदाहरण अमेरिकेतील थिओडोर मॅककॅरिक यांचे आहे. ते वॉशिंग्टनचे आर्चबिशप आणि २००१ साली कार्डिनल झाले. लैंगिक अत्याचाराच्या आरोपांवरून २०१८ साली त्यांना कार्डिनलपद सोडावे लागले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांचे याजकीय पदही काढून घेण्यात आले. त्यांची बढती कशी होत गेली याचा सविस्तर अहवाल व्हॅटिकनने १० नोव्हेंबर २०२० रोजी प्रसिद्ध केला. त्यानुसार २००० साली चौकशी झाली तेव्हा न्यू जर्सीतील चारपैकी तीन बिशपांनी रोमला अचूक व पूर्ण माहिती दिली नाही. त्याच अहवालात एका मातेची हकिकत आहे. आपल्या मुलांविषयीच्या काळजीने तिने १९८० च्या दशकात ख्रिस्तसभेतील वरिष्ठांना पत्रे लिहिली. कुटुंबाला त्रास होईल या भीतीने तिने त्यांवर नाव घातले नव्हते. त्या पत्रांवरून काहीही झाले नाही. त्या मातेचे ऐकणारे कोणी असते तर पुढील अनेक जिवांच्या यातना टळल्या असत्या.

अलीकडील सुधारणा

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली असा नियम केला, की अत्याचाराच्या तक्रारींकडे गंभीर दुर्लक्ष करणाऱ्या बिशपांना पदावरून दूर करता येईल. मे २०१९ मध्ये त्यांनी 'व्होस एस्तिस लुक्स मुंदी' हे आज्ञापत्र काढले. धर्मगुरू व व्रतस्थ यांनी अत्याचाराची अथवा तो दडपण्याच्या प्रयत्नाची माहिती वरिष्ठांना देणे त्यामुळे बंधनकारक झाले. तक्रार करणाऱ्यावर मौनाची सक्ती करता येत नाही, हेही त्यात स्पष्ट केले आहे. २०२३ साली हे नियम कायम करण्यात आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये संपलेल्या सिनडच्या अंतिम दस्तऐवजाने पारदर्शकता, उत्तरदायित्व आणि मूल्यमापन यांवर भर देऊन आर्थिक समित्या प्रत्यक्ष कार्यरत असाव्यात असा आग्रह धरला.

देशाचा कायदाही आपल्याला लागू आहे. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या धार्मिक संस्थांना हिशेब तपासून घ्यावे लागतात. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवावी, असे २०१२ चा पॉक्सो कायदा सांगतो.

धर्मग्रामस्थांनी काय करावे?

आपल्या धर्मग्रामात आर्थिक समिती आहे काय, तिच्या सभा होतात काय आणि वर्षाचा जमाखर्च वाचून दाखविला जातो काय, हे आपण जाणून घ्यावे. समितीवर निवड झाल्यास कागदपत्रे न वाचता सही करू नये. शंका असल्यास प्रथम धर्मगुरूंना भेटावे, समाधान न झाल्यास धर्मप्रांताच्या कार्यालयाकडे लेखी जावे. मात्र एखाद्या बालकाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर क्षणाचाही विलंब लावू नये.

त्याचबरोबर कुजबुज आणि निनावी बदनामी म्हणजे उत्तरदायित्व नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. प्रत्येकाला आपल्या सुनामाचा हक्क आहे (नियम २२०), आणि तो धर्मगुरूंनाही आहे. आरोपाची रीतसर चौकशी झाली तर निर्दोष धर्मगुरूचेही रक्षण होते. ज्याचा हिशेब उघडा असतो, त्याला अफवेचे भय राहत नाही.

आपल्या वाडवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन चर्चसाठी दान दिले आणि विश्वासाने आपली मुले चर्चच्या शाळेत व धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठविली. त्या विश्वासाचे आपण सर्व राखणदार आहोत. आपल्या धर्मगुरूंसाठी प्रार्थना करावी, त्यांच्या कष्टांची कदर करावी आणि विचारण्यासारखे असेल ते निर्भयपणे व प्रेमाने विचारावे.