नॉर्मंडीचा युद्धकिनारा आणि एका दिवसाची सहल : स्मृतीच्या निवडीचा प्रश्न

फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर ६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांनी सैन्य उतरवले. दुसऱ्या महायुद्धाला पश्चिम युरोपात निर्णायक वळण देणारी घटना म्हणून तिचा उल्लेख केला जातो. सुमारे ८० किलोमीटरच्या या पट्ट्यात युटा, ओमाहा, गोल्ड, जुनो आणि स्वोर्ड अशी सांकेतिक नावे दिलेल्या पाच पुळणींवर, तसेच हवाई मार्गाने त्यामागील प्रदेशात, पहिल्या दिवशी सुमारे १,५६,००० सैनिक उतरले. आज हा किनारा मार्गदर्शकासह केलेल्या एका दिवसाच्या सहलीतून पाहण्याची प्रथा रूढ आहे. अशी सहल ही केवळ प्रवासाची सोय नव्हे. काय दाखवावे, कोणत्या क्रमाने दाखवावे आणि काय वगळावे याचा निर्णय तीत अनुस्यूत असल्याने तो इतिहासकथनाचाच एक प्रकार होय.

पुष्कळशा सहली बायो या गावातून निघतात. हे गाव ७ जून रोजी मुक्त झाले आणि जवळजवळ अभंग राहिले. त्यामुळे तेथील मध्ययुगीन कॅथेड्रल आणि जुन्या गल्ल्या टिकल्या. तेथून सुमारे ३० किलोमीटरवरील काँ शहरावर मात्र ६ जूनपासूनच बॉम्बवर्षाव झाला. ते पूर्णपणे मुक्त व्हायला १९ जुलै उजाडला आणि तोवर त्याचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला होता. युद्ध पाहण्यास निघालेला प्रवासी युद्धाने फारसे न दुखावलेल्या गावातून प्रस्थान ठेवतो, हा विरोधाभास सहसा लक्षात येत नाही.

लाँग-स्यूर-मेर येथील जर्मन तोफखान्यात काँक्रीटच्या चार कोठड्या असून त्यांत तोफा अद्याप जागेवर आहेत. असे दृश्य या किनाऱ्यावर अन्यत्र आढळत नाही, म्हणून हे स्थळ लोकप्रिय आहे. तोफेचा पल्ला सांगणे सोपे असते. परंतु ‘अटलांटिक भिंत’ म्हणून ओळखली जाणारी ही तटबंदी टोट संघटनेच्या देखरेखीखाली उभी राहिली. तीसाठी सक्तीने राबवलेले मजूर मोठ्या प्रमाणावर वापरले गेले, आणि फ्रेंच कंत्राटदारांनीही तिच्यातून पैसा कमावला. काँक्रीट कोणी ओतले, हा प्रश्न तोफेइतका देखणा नाही.

स्थळ आणि वेळ यांचा संबंध ओमाहा येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. किनाऱ्यावर रोवलेले अडथळे दिसावेत म्हणून सैन्य ओहोटीच्या सुमारास उतरवण्यात आले. त्यामुळे सैनिकांना शेकडो मीटर उघडी वाळू गोळीबाराखाली ओलांडावी लागली. सहलीची गाडी भरतीच्या वेळी पोहोचल्यास प्रवाशास वाळूची अरुंद पट्टी दिसते आणि इतकी माणसे का पडली याचा उलगडा होत नाही. गाडीचे वेळापत्रक भरती-ओहोटी पाहून आखले जात नसेल, तर रणभूमीचा मुख्य पुरावाच पाण्याखाली राहतो. आरोमाँश येथील कृत्रिम बंदराचे अवशेषही ओहोटीतच नीट पाहता येतात. या बंदराचे भाग ब्रिटनमध्ये तयार करून खाडी ओलांडून ओढत आणले होते. ओमाहा येथील अमेरिकन बंदर १९ जूनपासूनच्या वादळात मोडले. आरोमाँशचे मात्र पुढे कित्येक महिने चालले.

पॉइंत द्यू ऑक येथे अमेरिकन रेंजर्सच्या सुमारे २२५ जणांच्या तुकडीने ३० मीटर उंचीचा कडा चढून घेतला. वर पोहोचल्यावर, ज्यांच्यासाठी हे साहस केले त्या तोफा आधीच आत हलवल्याचे आढळले. बॉम्बचे खड्डे तेथे आजही आहेत. शौर्य आणि विफलता एकाच जागी असल्याने मार्गदर्शकास ही कथा साहजिकच प्रिय असते.

दफनभूमींच्या निवडीत मात्र खरा प्रश्न उभा राहतो. कोलव्हिल-स्यूर-मेर येथे अमेरिकन सैनिकांच्या ९,३०० हून अधिक कबरी शुभ्र संगमरवरी खुणांखाली समुद्रालगत आहेत आणि ओमाहा पाहणारी सहल सहसा तेथे थांबते. ओमाहापासून फार दूर नसलेल्या ला कांब येथे २१,००० हून अधिक जर्मन मृत पुरलेले आहेत. प्रारंभी या ठिकाणी अमेरिकन मृतांचेही तात्पुरते दफन झाले होते. पुढे त्यांना हलवण्यात आले. येथे एस. एस. दलाचे सैनिक आहेत, तशीच विशीही न गाठलेली मुलेही आहेत. त्यामुळे येथे थांबण्यास होणारा संकोच समजण्यासारखा आहे; पण त्याचे कारण अंतर हे नव्हे.

नागरिक मृतांना तर या वाटेवर दफनभूमीइतकीही ठळक जागा नाही. नॉर्मंडीच्या लढाईत सुमारे २०,००० फ्रेंच नागरिक मरण पावले, त्यांतील बहुसंख्य दोस्त राष्ट्रांच्याच बॉम्बहल्ल्यांत. मुक्तिदात्याच्या हातून आलेल्या मृत्यूचा शोक जाहीरपणे करणे कठीण असते. राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा ओलाँद यांनी २०१४ मध्ये काँ येथे या नागरिकांना आदरांजली वाहिली, तेव्हा घटनेला सत्तर वर्षे झाली होती. युद्धातील नागरिकांच्या जीवनास वाहिलेले स्मृतिसंग्रहालय २०१६ मध्ये फालेज येथे सुरू झाले. फालेज हे काँच्या दक्षिणेस, समुद्रापासून दूर आत आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मन सैन्याभोवतीचा वेढा आवळला गेला तो याच परिसरात. पुळणींपुरत्या आखलेल्या एका दिवसात तेथे जाणे बसत नाही.