पाठ आणि आचार : आमच्या मुलांच्या धर्मशिक्षणाचा इतिहास

सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत आपल्या जैन समाजाची शेतकरी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. देवदर्शन, गाळलेले पाणी, सूर्यास्तापूर्वीचे जेवण हे संस्कार मुलास आई-आजीकडूनच मिळत. परंतु पुढील शिक्षणासाठी तो शहरी गेला, म्हणजे ऐन जाणत्या वयात हा धागा तुटे. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने ही उणीव ओळखून कोल्हापूर, सांगली आदी ठिकाणी बोर्डिंगे चालविली. शाळेचा अभ्यास व धर्माचा पाठ एकाच छताखाली व्हावा, हा त्यांचा हेतू. ते ऋण मोठे आहे.

तथापि केवळ पाठाने काम भागते काय? इंग्लंडातून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स यांनी नवख्रिस्ती जनांस धर्मकथा उमगावी म्हणून मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले; ते १६१६ साली छापले गेले. परभूमीतील त्या धर्मगुरूस जे कळले, ते आम्हां शिक्षकांस उशिरा कळले. आमची मुले समंतभद्राचार्यांचा ‘रत्नकरंड श्रावकाचार’ संस्कृतात घडाघडा म्हणत. अर्थ विचारताच मान खाली घालीत.

त्याच ग्रंथात आचार्यांनी आठ मद सांगितले असून त्यांत कुल व जाती यांचाही मद आहे. सम्यग्दर्शन लाभलेला मनुष्य चांडाळकुळात जन्मला तरी पूज्यच, असा त्यांचा निर्वाळा आहे.

हा अर्थ एका विद्यार्थ्याने आचरणात आणला. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या समारंभास भाऊराव पाटील गेले, परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, आणि त्यापायी त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले, असे चरित्रकार सांगतात. पुढे आजच्या सांगली जिल्ह्यातील दूधगाव येथे सहकाऱ्यांसह त्यांनी सर्व जातींच्या मुलांची एकत्र सोय केली. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. तेथील मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने मोडले. ज्यास बोर्डिंगातून जावे लागले, त्यानेच बोर्डिंगातील पाठ खरा केला!

आता स्वतःविषयी थोडे. वाळवे तालुक्यातील एका खेड्यात मी सायंकाळची पाठशाळा चालवीत असे. आठ मदांचा श्लोक म्हणवून घेताना एका मुलाने विचारले, “गुरुजी, मग आपल्या विहिरीवर पलीकडच्या आळीतील माणसे का येत नाहीत?” मी त्यास “पुढचा श्लोक म्हण” असे सांगितले. तो मुलगा पुन्हा पाठशाळेत आला नाही. धर्मापासून मुले दुरावतात असा आक्रोश आपण करतो. त्यांतील एकास मीच दूर लोटले.

जातीच्या सभेच्या अंकात जातिमदाविषयी लिहिणे कित्येकांस रुचणार नाही. परंतु आचार्यांनी ते आपल्यासाठीच लिहून ठेविले आहे. पाठशाळा जरूर चालवाव्यात. प्रत्येक श्लोकाचा अर्थ मराठीत सांगावा, आणि मुलाने प्रश्न केल्यास पुढचा श्लोक सुरू करू नये, एवढीच वडीलधाऱ्यांस विनंती.