'ॲडव्हांटेज'मध्ये घुसलेला 'ड'

'ॲडव्हांटेज' शब्द बघितला की तुम्हाला काय वाटतं? लॅटिनचा 'ॲड' उपसर्ग, बरोबर? मीही माझ्या पहिल्या टिपणात त्यावर अख्खा परिच्छेद लिहिला होता. गाईडनी एवढंच विचारलं, "जुनी रूपं बघितलीस का?" परिच्छेद खोडावा लागला.

कारण मूळ लॅटिन 'अब' आणि 'आन्ते', म्हणजे 'पुढून'. त्यातून फ्रेंच 'आवाँ' (पुढे), त्यावरून 'आवांताज'. आपली 'आघाडी' आठवा: सैन्याची पुढची फळीही तीच आणि मॅचमध्ये घेतात तीही तीच. मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द 'ड'शिवायच आला. पुढे, साधारण १६व्या शतकात, लॅटिन शिकलेल्या मंडळींनी सुरुवातीचा 'अ' म्हणजे झिजलेला 'ॲड' असं धरलं आणि 'ड' बसवला. 'ॲडव्हान्स'चंही तेच झालं. थोडक्यात, आपण शुद्ध समजतो ते स्पेलिंगच चुकीच्या व्युत्पत्तीतून आलंय!

पुरावा हवा? 'व्हँटेज' बघा. आधी अर्थ फायदा, मग मोक्याची जागा. 'व्हँटेज पॉइंट' ही जोडी तर १९व्या शतकातली. याचा सुरुवातीचा 'अ' फार आधीच गळला होता, त्यामुळे 'ड' चिकटवायला जागाच उरली नाही.