पीळ, पट्टा आणि भरवसा

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण हेकट माणसाला उद्देशून म्हणतो. परंतु ज्याने ही म्हण प्रथम उच्चारली, त्याला दोराचे मर्म पक्के ठाऊक असले पाहिजे. आखूड, दुबळे तंतू एकमेकांभोवती पिळले, की ताण जितका वाढावा तितकी त्यांची मिठी घट्ट होते. मोटेचा नाडा याच मिठीवर विसंबून शतकानुशतके पाणी उपसत आला. आज शहरातला माणूस लिफ्टचे बटण दाबून दहाव्या मजल्यावर जातो, तेव्हा तोही दोरालाच टांगलेला असतो. तो दोर त्याला दिसत नाही, एवढाच फरक. या न दिसणाऱ्या दोराचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि त्यात माणसाच्या जिवाचा प्रश्न पहिल्यापासून गुंतलेला आहे.

उचलून वर नेण्याची कला जुनीच. इ. स. ८० मध्ये रोमचे कलोसियम खुले झाले. पुढे तेथील तळघरांतून हिंस्र श्वापदांचे पिंजरे दोर आणि रहाट यांच्या साहाय्याने रिंगणात चढवले जात. पण दोराची खरी कसोटी लागली ती खाणींत. तेथे शेकडो फूट खोल विवरातून दगड, कोळसा आणि कधी माणसेही दोरावर वर येत. तागाचा दोर ओलाव्याने आतून कुजे. वरून धडधाकट दिसे आणि एके दिवशी दगा देई. शिवाय जितकी खाण खोल, तितका दोराचा स्वतःचाच भार जास्त.

यावर इंग्लंडात शेफील्डच्या जॉन कर याने १७९८ मध्ये एक नामी युक्ती काढून तिचे पेटंट घेतले. बारीक दोर शेजारी शेजारी ठेवून त्याने ते शिवले आणि चपटा पट्टा केला. आपल्याकडे पलंगाला नवार विणतात, तिचाच हा जाडजूड भाऊबंद म्हणा ना! हा पट्टा रिळावर थरावर थर असा गुंडाळला जाई. ओझे तळाशी असताना लोंबणाऱ्या दोराचे वजन सर्वांत जास्त, पण त्या वेळी रिळावरची गुंडाळी लहान. म्हणून ओढ सोपी पडे. ओझे वर येई तसे वजन घटे आणि गुंडाळी वाढे. एकाने दुसऱ्याला सांभाळून घ्यावे, अशी ही सोय. बेल्जियमच्या कोळसा खाणींत पानधाग्यांचे असे चपटे दोर पुढे दीर्घकाळ वापरात होते.

तागाला पर्याय म्हणून लोखंडी साखळ्याही वापरल्या जात. परंतु साखळीची एक कडी गेली की सारी साखळी गेली, आणि कडी काही सांगून जात नाही. जर्मनीतील हार्त्स पर्वतात क्लाउस्थाल येथे विल्हेल्म अल्बर्ट नावाचा खाण-अधिकारी होता. वारंवार भार घेऊन साखळ्या का थकतात, याचा त्याने चिकाटीने अभ्यास केला. १८३४ मध्ये त्याने लोखंडी तारांनाच पीळ दिला. चार तारांचा एक पेड, असे तीन पेड एकत्र वळून दोर तयार झाला आणि कॅरोलिन नावाच्या खाणीत तो चढवला गेला. म्हणजे सुंभाची विद्या लोखंडाला शिकवली, एवढेच. पण त्यात केवढा लाभ! एखादी तार तुटली तरी बाकीच्या भार पेलतात, आणि तुटलेले टोक काट्यासारखे वर येऊन आपला दोष आपणच दाखवते. दोर तुटण्यापूर्वी बोलू लागला, तो तेव्हापासून.

तरीही दोरावर बसून वर जायला सामान्य माणूस धजत नव्हता. ते भय एलिशा ओटिस याने घालवले. तो अमेरिकेत याँकर्स येथील पलंगांच्या कारखान्यात कारागीर होता. न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात १८५४ मध्ये तो उंच टांगलेल्या फळीवर उभा राहिला आणि सर्वांसमक्ष त्याने दोर तोडविला. फळी थोडी खचली आणि जागीच अडकली. दोराचा ताण जाताच वरची वाकलेली कमान सरळ होई आणि तिची टोके दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत रुतत. ओटिसने दोर अधिक मजबूत केला नाही. दोर कधीतरी तुटणारच, हे गृहीत धरून त्याने पुढची तजवीज केली. १८५७ मध्ये न्यूयॉर्कमधील हॉवट यांच्या पाच मजली दुकानात वाफेवर चालणारी त्याची लिफ्ट माणसे नेऊ लागली.

पुढे इमारती उंच झाल्या. एवढा दोर पिंपावर गुंडाळायचा तर पिंपच खोलीएवढे व्हायचे! तेव्हा दोर चाकावरून नुसता टाकावा, एका टोकाला डबा आणि दुसऱ्या टोकाला तेवढ्याच भाराचे वजन बांधावे, आणि चाकाच्या घर्षणाने तो ओढावा, ही रीत विसाव्या शतकाच्या आरंभापासून रूढ झाली. आता दोराला बळाबरोबर पकडही हवी. शिवाय पोलादी दोर लहान चाकावर वाकवला तर लवकर थकतो. म्हणून चाकाचा व्यास दोराच्या किमान ४० पट ठेवण्याचा दंडक पडला. बोटाएवढ्या दोराला अर्धा मीटर व्यासाचे चाक आणि त्या यंत्रासाठी गच्चीवर वेगळी खोली!

या पेचातून सुटका करायला दोनशे वर्षांनी पुन्हा चपटा पट्टाच धावून आला. ओटिसच्याच नावाने चालणाऱ्या कंपनीने २००० मध्ये जो पट्टा बाजारात आणला, तो जेमतेम ३ मिलिमीटर जाड आणि ३० मिलिमीटर रुंद होता. आत पोलादाच्या बारीक दोऱ्या, वर पॉलियुरेथेन या रबरासारख्या द्रव्याचे आवरण. बळ पोलादाचे, पकड आवरणाची. पातळ असल्यामुळे तो १०० मिलिमीटरच्या चाकावरही सुखाने वाकतो, आणि त्याला तेलपाणी लागत नाही. यंत्र लहान झाले आणि गच्चीवरची खोली गेली. त्यापुढे काही कल्पकांनी कोष्ट्याचा माग आठवला. पोलादी दोऱ्या उभ्या धाग्याच्या जागी ठेवायच्या आणि आडव्या तंतूंनी त्या विणून काढायच्या, असे आराखडे पेटंट म्हणून नोंदले गेले. आडवा धागा भार उचलत नाही. पण उभ्या दोऱ्यांना आपापल्या जागी धरून ठेवतो आणि वरच्या लेपाला चिकटायला आधार देतो. घरातही भार उचलणारे वेगळे आणि सर्वांना धरून ठेवणारे वेगळे असतात, तसेच हे.

पोलादाला मात्र उंचीची मर्यादा आहे. सुमारे ५०० मीटरच्या पुढे दोर स्वतःच्याच वजनाने बेजार होतो. म्हणून फिनलंडच्या कोने कंपनीने २०१३ मध्ये कार्बनच्या तंतूंचा, वर पकड देणारे आवरण असलेला हलका चपटा दोर पुढे आणला. तो १००० मीटरपर्यंत नेईल असा तिचा दावा आहे. त्याची परीक्षा झाली ती तितिरी येथील चुनखडीच्या खाणीत. खाणीत जन्मलेली विद्या परीक्षेसाठी पुन्हा खाणीतच उतरली.

आता एक प्रश्न उरतो. अल्बर्टचा दोर उघडा होता. तुटलेली तार डोळ्यांना दिसे. नव्या पट्ट्याची तार आवरणाखाली झाकली गेली. मग तिची दुखापत कळावी कशी? त्यासाठी पोलादी दोऱ्यांतून वीज खेळवतात. पोलाद झिजले की विजेला होणारा विरोध बदलतो आणि यंत्र इशारा देते. दोराचे बोलणे बंद झाले होते. त्याला ही नवी वाचा द्यावी लागली.

दोर किती भार पेलतो, हे पाहणे सोपे. पण तो थकत चालला आहे हे वेळेवर कळणे, आणि त्यातूनही तुटलाच तर खाली झेलायला काहीतरी असणे, या दोन गोष्टींवर आपला भरवसा उभा आहे. या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन कोणाच्या घरी लिफ्टने जाल, तेव्हा दार मिटल्यावर क्षणभर त्या खाणीतल्या माणसांची आठवण काढावी. त्यांच्या डोक्यावरचा दोर मुका होता, म्हणूनच आपला दोर बोलता झाला.