लगाम घातलेले यंत्र

घरातला लॅपटॉप मंद चालू लागला की आपण चटकन म्हणतो, "म्हातारा झाला बिचारा!" बैल म्हातारा झाला म्हणजे त्याची चाल मंदावते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो; तोच न्याय आपण यंत्रालाही लावतो. परंतु लॅपटॉपमध्ये सारी गणिते करणारा जो प्रोसेसर, तो बैलासारखा थकत नाही. तो एका घड्याळाच्या ठोक्यावर चालतो, आणि पाच वर्षांपूर्वी सेकंदाला जितक्या ठोक्यांनी तो चालत असे, तितक्यांनी चालण्याची ताकद त्याच्यात बहुधा आजही असते. मग तो रेंगाळतो का? पुष्कळदा याचे उत्तर असे की, त्याला कोणीतरी हळू चालण्याची आज्ञा दिलेली असते. ही आज्ञा देण्याची विद्या कशी जन्मली, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच. शिवाय तो ठाऊक असला तर एखादे वेळी नव्या यंत्राचा खर्चही वाचतो.

आरंभी काटकसरीचा प्रश्नच नव्हता. १९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एनिॲक हा संगणक लोकांपुढे आला. जुन्या रेडिओत असत तसे सुमारे १८,००० व्हॉल्व्ह त्यात होते, आणि त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागे. व्हॉल्व्ह तापलेला ठेवावा लागतो. काम असो वा नसो, वीज जळायचीच. हळू चाला म्हणून सांगून तेथे फारसे काही साधण्यासारखे नव्हते.

ही स्थिती पालटली ती १९६३ साली. फेअरचाइल्ड कंपनीतील फ्रँक वॉनलास यांनी विरुद्ध स्वभावाचे दोन ट्रान्झिस्टर जोडीने बसविण्याची सीमॉस नावाची रचना पुढे आणली. जोडीतला एक चालू असतो तेव्हा दुसरा बंद असतो. त्यामुळे वीज खर्च होते ती मुख्यतः चालूचे बंद आणि बंदचे चालू होताना. स्वस्थ असताना जवळजवळ नाहीच. आता हिशेब असा झाला: जितके ठोके जास्त, तितका खर्च जास्त; आणि विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढले तर खर्च त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दाब निम्मा केला की खर्च चौथाईवर येतो. हा हिशेब ध्यानात ठेवा, कारण पुढची सारी कथा त्यावरच उभी आहे.

१९७४ साली आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ट्रान्झिस्टर लहान करताना त्याच प्रमाणात दाबही कमी केला, तर तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर बसवूनही उष्णता वाढत नाही. कारखानदारांना जणू राजमार्गच सापडला. १९८१ सालच्या आयबीएम पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला सुमारे ४७ लाख ७० हजार ठोके होता. २००४ साली पेंटियम ४ हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला. तेवीस वर्षांत सुमारे आठशे पट! या धावपळीत हळू चालण्याची आठवण कोणाला होणार?

ती झाली बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांमुळे. भिंतीतली वीज मागाल तितकी मिळते. बॅटरी म्हणजे मात्र प्रवासातली शिदोरी, ती पुरवून पुरवून खावी लागते. १९९० साली इंटेलने खास अशा यंत्रांसाठी ३८६एसएल हा प्रोसेसर काढला. काम नसेल तेव्हा त्याचे घड्याळच थांबविता येई. १९९२ साली इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून वीजबचतीचे नियम ठरविले. पण त्यांत मुख्य सूत्रे यंत्रात कोरलेल्या मूळ प्रोग्रामच्या हाती होती, आणि वापरणारा माणूस या क्षणी कोणते काम करीत आहे याची त्याला फारशी कल्पना नसे. म्हणून १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे नवे नियम आणले आणि लगाम विंडोजसारख्या कार्यप्रणालीच्या हाती दिला.

दरम्यान १९९४ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात मार्क वायझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मार्मिक विचार मांडला होता. काम घाईने उरकून मग रिकामे बसण्यापेक्षा, ते वेळेवर पुरे होईल इतक्याच वेगाने केले तर वीज वाचते. कोणी म्हणेल, यात बचत कसली? थोडी वीज जास्त वेळ, की जास्त वीज थोडा वेळ, एकूण एकच! पण तसे नाही. हंडा लवकर भरायचा तर नळाला पाणी जोराने यावे लागते. तसेच ठोके जलद हवे असतील तर विजेचा दाब जास्त लागतो. ठोके कमी केले की दाबही उतरविता येतो, आणि दाबाचा हिशेब वर्गाचा आहे, हे आपण पाहिलेच.

जानेवारी २००० मध्ये इंटेलने हा विचार स्पीडस्टेप या नावाने लॅपटॉपमध्ये उतरविला. ६५० मेगाहर्ट्झचा पेंटियम ३ भिंतीच्या विजेवर १.६ व्होल्टवर चाले. बॅटरीवर आला की तो ५०० मेगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्टवर उतरे. गणित करून पाहा: वेग शेकडा २३ ने घटतो, पण विजेचा खर्च शेकडा ४५ ने उतरतो. सौदा वाईट नव्हे!

पुढे डेनार्डचा राजमार्ग संपला. दाब एका मर्यादेखाली नेला की बंद ट्रान्झिस्टरमधूनही वीज झिरपू लागते. २००१ साली इंटेलच्याच पॅट गेल्सिंगर यांनी इशारा दिला होता की, असेच चालले तर प्रोसेसरची उष्णता अणुभट्टीच्या बरोबरीला जाईल. २००४ साली इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत सोडून दिला. तेव्हापासून हा लगाम केवळ लॅपटॉपचा राहिला नाही. टेबलावरच्या यंत्रांनाही तो बसला. त्याच वर्षी लिनक्स या कार्यप्रणालीत काम पाहून वेग ठरविणारा एक भाग आला. अशा भागाला गव्हर्नर म्हणतात. हा शब्द जुना आहे बरे! जेम्स वॅटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाचा वेग आटोक्यात ठेवण्यासाठी फिरत्या गोळ्यांची जी युक्ती बसविली, तिचेही हेच नाव.

आता आपल्या लॅपटॉपकडे वळू. त्याचा लगाम कोण कोण ओढू शकतो? एक, आपण स्वतः: कधी तरी वीजबचतीची पद्धत निवडली आणि विसरून गेलो. दोन, उष्णता: पंख्यात धूळ साठली की प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी वेग उतरवितो. तीन, चार्जर. आमच्या एका विद्यार्थ्याचा लॅपटॉप असा रखडू लागला, की लिहिलेले अक्षर पडद्यावर उमटायला वेळ लागे. दुरुस्तीवाला म्हणाला, "प्रोसेसर गेला, आता नवीनच घ्या." मुलाच्या वडिलांनी कर्जाची चौकशीही सुरू केली होती. पाहिले तर मूळ ६५ वॅटचा चार्जर हरवलेला, आणि त्याच्या जागी ४५ वॅटचा आणलेला. यंत्राने तो परका ओळखून वेग बांधून टाकला होता. योग्य चार्जर मिळाला आणि यंत्र पूर्ववत धावू लागले.

तेव्हा परीक्षा अशी करावी. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरचा चालू वेग आणि मूळ वेग दोन्ही पाहावेत. हातात काम नसताना वेग खाली असेल तर घाबरू नका. तीच तर बचत. पण भरपूर काम असतानाही तो मूळ वेगाच्या निम्म्यावरसुद्धा चढत नसेल, तर लगाम कोणीतरी धरून ठेवला आहे असे समजावे. मग आधी वीजबचतीची निवड पाहावी, नंतर चार्जरवरचा वॅटचा आकडा, नंतर पंखा व धूळ. उलट वेग ठीक चढत असेल, तर दोष दुसरीकडे शोधावा. मेमरी अपुरी असेल किंवा डिस्क मंद असेल.

या तपासणीला फार तर अर्धा तास लागतो, आणि बहुतेक वेळा पैसा लागत नाही. ती केल्यावाचून कोणी नवे यंत्र घ्यायला सांगू लागला, तर त्याला एवढेच विचारा: काम चालू असताना याचा वेग किती आहे, ते पाहिलेत का?